कान घडवणारे हात

१७९३च्या सुमारास पुण्याजवळ एका कारागिरानं मेणाचा पातळ पत्रा केला. कावसजी नावाच्या माणसाच्या कापलेल्या नाकाच्या बुडख्यावर तो बसवला, दाबून नाकाचा आकार दिला. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांमधला अरुंद पट्टा अखंड ठेवला, म्हणजे रक्त वाहतं राहील. ती कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी सांधली. सांधा धरून ठेवायला कापडाच्या पट्ट्यांना पाण्यात मऊ केलेला कात लावून त्या एकावर एक पाच-सहा बसवल्या. विड्याला लावतो तोच कात. चार दिवस त्यांना हात लावला नाही. नंतर तुपाची कापडं, दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधला दुवा कापून टाकला.

मी माणसांचे कान करते. दंतवैद्यकात कवळ्या आणि दातांच्या पुलांबरोबरच चेहऱ्याचे हरवलेले भाग करून देण्याची एक शाखा आहे. तिथं माझं सगळं आयुष्य गेलं. मेण माझ्या टेबलावर रोज असतं. म्हणून पुण्याचा हा वृत्तांत मी एका समव्यवसायी माणसाचं काम म्हणून वाचते. आधी मेणात आकार, मग माणसाच्या अंगावर बसवून खात्री, मग खरं काम: आमचा क्रम आजही हाच आहे.

कावसजी इंग्रज फौजेत बैल हाकणारा होता. वृत्तांतात त्याला शेतकरी मराठा म्हटलं आहे. १७९२च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. ही क्रिया पाहणाऱ्या दोघा इंग्रज डॉक्टरांची नावं नोंदलेली आहेत. चित्रकार जेम्स वेल्स यानं जानेवारी १७९४मध्ये कावसजीचं चित्र काढलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकिगत छापून आली. ती वाचून-ऐकून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यानं मढ्यांवर सराव केला आणि १८१४मध्ये लंडनमध्ये या पद्धतीनं नाक केलं. युरोपात तिला भारतीय पद्धत म्हणू लागले. पाहणाऱ्यांची नावं राहिली, चित्रकाराचं राहिलं, रुग्णाचं राहिलं. करणारा मात्र ‘वीटकरी जातीचा एक माणूस’ एवढाच उरला.

माझं म्हणणं याच माणसापासून सुरू होतं. चेहऱ्याचा तुटका भाग परत देण्याची विद्या पुष्कळदा अशा हातांनी सांभाळली, ज्यांना वैद्यांच्या पंगतीत पाट नव्हता. आणि त्या हातांनी काय परत दिलं हे समजून घ्यायचं, तर नाकापेक्षा कानाकडे पाहावं. नाकाशिवाय माणूस अडतो हे सगळ्यांनाच पटतं. कान गेला तर लोक म्हणतात, केसांत झाकला जाईल की.

आपल्याकडे कानाची काळजी फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आणि फाटलेली पाळी सांधण्यावर आहे. बाळाचा कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावा, मुलाचा उजवा आधी, मुलीचा डावा आधी, असं तिथं सांगितलं आहे. भोक हळूहळू वाढवत नेण्याची रीत होती आणि त्यात पाळी दुभंगे. अशा पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकार सुश्रुतानं नावानिशी दिले आहेत. पाळीचे दोन्ही तुकडे सारखे असले तर एक रीत, एक लांब आणि एक आखूड असला तर दुसरी; पाळी उरलीच नसेल तर गालावरची जिवंत कातडी, मुळाशी जोडलेली ठेवून, वर वळवायची. जोडल्यावर मध-तूप लावायचं, कापूस आणि कापडानं झाकायचं, दोरा फार आवळायचा नाही, फार सैलही सोडायचा नाही. मग पथ्य: जोडलेल्या जागी धक्का नको, दिवसा झोप नको, व्यायाम नको, अति जेवण नको, शेकोटीजवळ बसणं नको, फार बोलणंही नको. यातलं निम्मं पथ्य आजचा शल्यवैद्यही सांगेल.

पाळीची एवढी चिंता का, हे मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. बारशाच्या सुमारास सोनाराला बोलावून बाळाचे कान टोचतात. पुढे कुडी, बुगडी, वेल, झुमका. पेशवाईतल्या पुरुषाच्या कानात भिकबाळी. आजीच्या लोंबलेल्या पाळीकडे पाहून घरातल्या सोन्याचा अंदाज करता येई. कानफाट्या नाथजोग्यांची तर ओळखच कानातल्या मोठ्या मुद्रेत. कान हा अंगावरचा दाखला होता: कुठलं घर, कुठला पंथ, काय ऐपत. म्हणूनच कान कापणं ही शिक्षाही झाली. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कान-नाक कापण्याची शिक्षा आहे आणि तिच्या बदल्यात भरायचा दंडही आहे. शिक्षा देणाऱ्याला ठाऊक होतं की कान कापलेल्या माणसाला ऐकू येतंच. त्याचं चारचौघांतलं बसणं-उठणं मात्र संपतं.

युरोपातही या कामाचा मान आधी शल्यवैद्यकाच्या उच्चासनाकडे नव्हता. सोळाव्या शतकातला फ्रेंच आंब्रुआझ पारे हा न्हावी-शल्यवैद्यांच्या परंपरेतला, लष्कराबरोबर फिरलेला. ज्यांचे कान गेले त्यांच्यासाठी त्यानं कागदाच्या लगद्याचा किंवा चामड्याचा रंगवलेला कान सुचवला. तो डोक्यावरून जाणाऱ्या धातूच्या पट्टीला अडकवायचा आणि पट्टी केसांत लपवायची. त्याचा प्रसिद्ध यांत्रिक हात तर पॅरिसच्या एका कुलुपं करणाऱ्यानं घडवला होता. त्याच शतकाच्या शेवटी, १५९७मध्ये, बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सी यांचा मोठा ग्रंथ निघाला. दंडाच्या कातडीनं नाक करण्याची पद्धत त्यात आहे, कान आणि ओठही आहेत. त्यांनी आपल्या कामाचं प्रयोजन सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. निसर्गानं दिलेलं आणि नशिबानं हिरावलेलं आपण भरून देतो, ते पाहणाऱ्याच्या डोळ्याला बरं वाटावं यासाठी तितकंसं नाही, जितकं त्या पिडलेल्या जिवाला उभारी यावी यासाठी, असा त्यांचा भाव आहे. रुग्णाच्या मनःस्वास्थ्याचे तक्ते आणि प्रश्नावल्या आता आल्या. प्रयोजन चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

नाक जमलं तरी कान शल्यवैद्यांना दाद देईना. याचं कारण कानाच्या रचनेत आहे. आत कूर्चेचा वळ्यावळ्यांचा सांगाडा, त्यावर दोन्ही बाजूंनी अगदी पातळ कातडी, मध्ये चरबी जवळपास नाहीच. नुसती कातडी वळवून कान केला तर काही महिन्यांत ती आक्रसते आणि गोळा होते. १८४५मध्ये बर्लिनच्या डीफेनबाख यांनी कानामागची कातडी पुढे आणून कानाचा तुटका भाग भरला. पूर्ण कानासाठी मात्र सांगाडा हवा होता. तो कशाचा करायचा, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानं ऐरणीवर आणला.

खंदकातल्या लढाईत शरीर आड राही आणि डोकं वर येई; त्यामुळे चेहरे फुटलेले हजारो सैनिक परत आले. इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांनी सिडकपच्या रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या. बरगडीची कूर्चा कोरून कानाच्या जागी कातडीखाली पुरण्याचं काम त्यांच्या १९२०च्या ग्रंथात आहे. पण ज्यांच्यापुढे शस्त्रक्रियेनंही हात टेकले, त्यांना आधार दिला शिल्पकारांनी. लंडनच्या वाँड्सवर्थमधल्या लष्करी रुग्णालयात फ्रान्सिस डरवेंट वुड हा शिल्पकार साधा सेवक म्हणून दाखल झाला होता. त्यानं सैनिकांच्या जुन्या फोटोंवरून तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे करायला सुरुवात केली. १९१७च्या अखेरीस अमेरिकन शिल्पकार अॅना कोलमन लॅड यांनी पॅरिसमध्ये तसंच दालन उघडलं. मुखवटा सैनिकानं घातलेला असतानाच त्या तो रंगवत. रंग असा साधत की ढगाळ दिवशीही चालावा आणि उन्हातही. हे वाचलं की मला आपलीच खिडकी दिसते. मीसुद्धा रंग कधी दिव्याखाली मिसळत नाही; रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवते.

मुखवट्याला आधार बहुधा चष्म्याचा असे. कानाचं दुखणं इथंच वेगळं. नाक चष्म्याला टांगता येतं, पण चष्मा टांगायलाच कान लागतो. ज्याला एक कान नाही त्याचा चष्मा तिरका बसतो, आणि शाळेतल्या मुलाला फळा दिसत नाही म्हणून मागे पडावं लागतं. २०२०मध्ये सगळं जग कानाला मुखपट्टी अडकवू लागलं, तेव्हा या माणसांना पट्टी डोक्यामागे बांधावी लागली, आणि आजवर केसांत झाकलेली गोष्ट रस्त्यावर उघडी पडली.

दुसऱ्या महायुद्धानं आणखी एक धडा दिला. आगीत कान फार लवकर जातो. तो पातळ आणि पुढे आलेला. ईस्ट ग्रिन्स्टेडला आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्याकडे भाजलेले वैमानिक येत. १९४१मध्ये या वैमानिकांनी आपली संघटना केली, ‘गिनीपिग क्लब’. युद्ध संपताना तिचे ६४९ सभासद होते. मॅकिंडो यांनी गावकऱ्यांना विनंती केली की या पोरांकडे टक लावून पाहू नका, त्यांना घरी बोलवा. गावानं ते ऐकलं. मला वाटतं, बरं होण्याच्या इतिहासात त्या गावाची नोंद शल्यवैद्याच्या बरोबरीनं व्हावी. नवा कान घेऊन माणूस बाहेर पडतो तो लोकांच्या नजरेतच. नजर तीच राहिली तर आमचं निम्मं काम वाया जातं.

ही परंपरा महाराष्ट्रात परत आली ती नोशीर अंटिया यांच्या रूपानं. ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले. परतल्यावर ते पुण्याला कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. कुष्ठरोगात कानाच्या पाळ्या आधी जाड होतात, मग लोंबतात. रोग औषधानं बरा झाला तरी पाळी गावभर सांगत राहते. ती लोंबती पाळी नीट करणं ही छोटी शस्त्रक्रिया. पण तिनं माणूस पुन्हा पाणवठ्यावर जाऊ शके. १९६७मध्ये अंटिया आणि बुच यांनी कानाच्या कडेचा तुकडा गेला असेल तर काय करावं याची एक रीत प्रसिद्ध केली. उरलेली कड कूर्चेसकट सोडवायची, मागची कातडी तिला जोडलेली ठेवायची आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकवून शिवायची. कान किंचित लहान होतो, पण त्याचं वळण शाबूत राहतं. जगभरातले शल्यवैद्य आजही ती अंटिया-बुच या नावानंच शिकतात. सुश्रुताच्या पंधरा बंधांनंतर कान सांधण्याच्या विद्येत आपल्या मातीतून पडलेली ही मोठी भर आहे.

अंटियांचं दुसरं काम मला याहून कमी वाटत नाही. अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात त्यांनी थोडंफार शिकलेल्या, कधी निरक्षर असलेल्या गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. क्षय, कुष्ठरोग, बाळंतपण, लसीकरण हे त्या समर्थपणे सांभाळत. विद्या सामान्य हातांत देता येते, हा त्यांचा विश्वास होता. पुण्याच्या त्या निनावी कारागिराला याहून चांगला वारसदार मिळाला नसता.

जन्मतःच कान नसलेल्या मुलांसाठी मार्ग पुढे दोन झाले. एक बरगडीच्या कूर्चेचा. अमेरिकेतल्या रॅडफर्ड टॅन्झर यांनी १९५९मध्ये त्याला भरवशाची घडी बसवली. बर्ट ब्रेंट यांनी ती बारकाईनं पुढे नेली, आणि जपानच्या सातोरू नागाता यांनी १९९०च्या दशकात ती दोन टप्प्यांत आणली. नागातांच्या पद्धतीला मूल दहा वर्षांचं आणि छातीचा घेर साधारण साठ सेंटिमीटर हवा, कारण कूर्चा पुरायला हवी. हा कान स्वतःचा, रक्त वाहणारा, आयुष्यभराचा. दुसरा मार्ग माझा, करून लावायच्या कानाचा. व्हल्कनाइज्ड रबर, सेल्युलॉइड, जिलेटिन, मग अॅक्रिलिक असं करत १९६०च्या सुमारास सिलिकॉन आलं आणि पहिल्यांदा हाताला कातडीसारखं लागू लागलं. स्वीडनमध्ये पेर-इंग्वर ब्रोनेमार्क यांना टिटॅनियम हाडाशी एकजीव होतं असं आढळलं होतं. दातांसाठी ते १९६५मध्ये वापरलं गेलं, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस गोथेनबर्गला कानामागच्या हाडात टिटॅनियमचे खुंट बसवून त्यावर कान अडकवला गेला. जिथं जागा भाजलेली आहे, कर्करोगासाठी किरणं दिलेली आहेत, किंवा कूर्चेची शस्त्रक्रिया फसली आहे, तिथं हाच मार्ग उरतो.

कान होतो तो असा. चांगल्या कानाचा ठसा घ्यायचा आणि त्याची आरशातली प्रतिमा मेणात कोरायची. आता संगणकावर स्कॅन उलटवून छापताही येतो, पण शेवटचा हात मेणालाच लागतो. रुग्णाला समोर बसवून उंची पाहायची, डोक्यापासूनचं अंतर पाहायचं, बोलताना जबडा हलला की कड सुटते का ते पाहायचं. मग प्लास्टरचा साचा, मेण वितळवून काढायचं, सिलिकॉनमध्ये रंग कालवायचे, शिरांसाठी तांबडे-निळे बारीक तंतू सोडायचे. कड इतकी पातळ की गालाशी विरून जावी. आमच्या दमट हवेत घामानं चिकटद्रव्य सुटतं, उन्हानं रंग उडतो. दोन-तीन वर्षांत नवा कान करावा लागतो. रात्री काढून धुऊन ठेवायचा. हे सगळं मी सुरुवातीलाच सांगते. त्या कानानं ऐकू येणार नाही हेही सांगते. त्यासाठी हाडातून आवाज पोचवणारं यंत्र वेगळं.

पहिल्या भेटीत मूल क्वचितच बोलतं. बोलते ती आई. “मॅडम, ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती,” हे वाक्य मी विदर्भातून ऐकलं, कोकणातून ऐकलं. कधी सासू ते आईच्या देखत सांगते. तेव्हा मेण बाजूला ठेवून मी कागद घेते. गर्भ सहा आठवड्यांचा असताना बाह्य कान सहा छोट्या उंचवट्यांपासून बनायला लागतो, त्यात कुठेतरी वाढ थांबली, विळीचा आणि ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, हे काढून दाखवते. काही हजार बाळांमागे एकाला असं होतं, तुमच्या घरावर कोप झालेला नाही. कान मुलाला हवा असतो, पण कित्येकदा सुटका आधी आईची व्हावी लागते.

नव्या कानानं काय होतं, यावर देशोदेशी अभ्यास झाले आहेत. आत्मविश्वास वाढतो, लोकांत मिसळणं वाढतं, असं ते बहुतेक सांगतात. मला ते माणसांच्या मागण्यांतून कळतं. कॉलेजचा मुलगा केस कापायला न्हाव्याकडे जातो, आधी घरी कापायचा. मोहफुलं वेचताना अस्वलानं चेहरा ओरबाडलेला चंद्रपूरकडचा माणूस बाजाराला फेटा न बांधता जातो. स्टोव्हच्या भडक्यात कान गेलेल्या एका बाईंनी मेणाची जुळणी चालू असताना विचारलं, “यात कुडी घालता येईल का हो?” मी हो म्हटलं आणि सिलिकॉनला भोक ठेवलं. लेकीच्या लग्नात त्यांना दोन्ही कानांत कुड्या घालून उभं राहायचं होतं. कुणाला कान नकोही असतो. एका मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी आहे तशी बरी आहे, फक्त चष्मा बसवून द्या.” तिच्या चष्म्याला आम्ही आधार करून दिला. तोही उपचारच होता. कान माणसासाठी असतो, आणि कसं जगायचं हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा, आई-बापांचा आणि आमचा त्यानंतर.

आज हे काम करणारे विभाग मुख्यतः मोठ्या शहरांतल्या दंत महाविद्यालयांत आहेत. गडचिरोलीच्या माणसाला दर दोन-तीन वर्षांनी रजा, भाडं, मुक्काम करून तिथं यावं लागतं. पहिला कान झाला तरी दुसऱ्या कानासाठी तो येत नाही आणि पुन्हा पदर, फेटा, टोपी सुरू होते. साचा आणि स्कॅन जपून ठेवले, जिल्ह्याच्या ठिकाणी एका दंततंत्रज्ञाला रंग जुळवायला आणि कड बसवायला शिकवलं, तर नवा कान घराजवळ होऊ शकतो. या कामाला लागते चांगली नजर, स्थिर हात आणि समोरच्या माणसाबद्दल आस्था. आणि ही तीन कुठल्याही गावात मिळतात. पुण्याच्या वीटकऱ्यानं ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी करून दाखवलं, मांडव्याच्या बायकांनी आपल्या कामात दाखवलं. त्या हातांना ही विद्या द्यावी, आणि या वेळी त्यांची नावं नोंदवहीत पहिल्या ओळीत लिहावीत.